हँड ड्रायर कुठे आहे, तेही लिहा

प्रिय ताई,

मुलांनी आणि पालकांनी मिळून हात लावून बघायचं, खेळायचं, असं एक प्रदर्शन आम्ही भरवतो. सावल्यांची भिंत, आवाजाचं दालन, पाण्याचे खेळ, चुंबकांचं टेबल आणि एक अंधारी खोली. मी तिथे स्वयंसेवकांची समन्वयक आहे. गेल्या महिन्यात एक आई आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. आवाजाच्या दालनात मोठा भोंगा वाजला आणि तो मुलगा कान दाबून जमिनीवर बसला, किंचाळायला लागला. लोक जमले. मुलगा ऑटिस्टिक आहे, असं आईने सांगितलं. मी गडबडले आणि म्हणाले, ‘आधी सांगायचं ना!’ ती काही बोलली नाही. त्याला कसंबसं उचललं आणि निघून गेली. ते वाक्य मला अजून टोचतं आहे.

आता पुढचं सत्र सुरू होईल. अपंग मुलं, ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष टिकवायला, स्थिर बसायला जड जाणं) असलेली मुलं, अशी मोठी माणसं यांना येण्याआधीच तयारी करता येईल अशी माहिती द्यावी, असं मला वाटतं. सहकारी म्हणतात, ‘अंधार, आवाज, गर्दी असलं लिहिलंस तर लोक येणारच नाहीत. सर्वांचं स्वागत आहे, एवढं लिही.’ काही जण म्हणतात, आठवड्यातून एक शांत तास ठेवला की झालं. मी काय लिहू आणि किती लिहू? त्या आईचा नंबर नोंदणीत आहे. तिला फोन करावा का?

– एक समन्वयक

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘आधी सांगायचं ना.’ असं म्हणणारं माणूस बहुतेक वेळा स्वतःच घाबरलेलं असतं, हे मला माहीत आहे. पण त्या आईने आधी सांगायचं म्हणजे नेमकं काय सांगायचं होतं? माझ्या मुलाला अचानक वाजणारा भोंगा सहन होत नाही, हे सांगायला तुमच्याकडे भोंगा आहे हे तिला ठाऊक हवं होतं. आधी सांगायची पाळी तुमची होती. तुम्ही सांगितलं असतं, तर तिलाही सांगता आलं असतं. तुम्ही आता जे लिहायला बसला आहात ते इथूनच सुरू होतं, म्हणून हे स्पष्ट लिहिते आहे.

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आता मोठा झाला आहे. तो सात वर्षांचा असताना आम्ही अशाच एका प्रदर्शनाला गेलो होतो. ‘शांत वातावरण’ असं माहितीत लिहिलं होतं आणि दालनं खरंच शांत होती. वाळूवर नक्षी काढणाऱ्या लंबकापाशी तो तासभर रमला. एवढा वेळ तो कधी कुठे थांबला नव्हता. मग आम्ही स्वच्छतागृहात गेलो आणि शेजारच्या कुणीतरी हँड ड्रायरखाली हात धरले. पुढची वीस मिनिटं आम्ही दोघं त्या फरशीवर बसून होतो. त्यानंतर दोन वर्षं कुठल्याही नव्या इमारतीच्या दारात तो एकच प्रश्न विचारायचा: ‘तिथे हात वाळवायचं मशीन आहे का?’ लंबकाबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही.

त्या यंत्राचं तोंड लहान मुलाच्या कानाच्या उंचीवर येतं, हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही. कॅनडातल्या एका शाळकरी मुलीने नेमक्या त्या उंचीवर वेगवेगळ्या हँड ड्रायरचे आवाज मोजले. तिचा अभ्यास २०१९ साली बालआरोग्याच्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. काही यंत्रं १०० डेसिबलच्या वर गेली होती. आपलं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. प्रदर्शन मांडणाऱ्यांनी दालनांचा बारकाईने विचार केलेला असतो, पण स्वच्छतागृह हा त्यांना प्रदर्शनाचा भाग वाटत नाही. रांग, तिकिटाची खिडकी, जिना, बाहेर पडायची वाट हेही वाटत नाही. मुलासाठी मात्र घराबाहेर पाऊल टाकल्यापासून परत घरी येईपर्यंत सगळं एकच असतं.

आता तुमच्या सहकाऱ्यांच्या भीतीबद्दल. ‘आवाज, अंधार लिहिलं तर लोक येणार नाहीत.’ माझा आणि माझ्या ओळखीच्या कितीतरी कुटुंबांचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. अशी कुटुंबं कुठेही जाण्याआधी आदल्या रात्री मनातल्या मनात सगळा दौरा करून येतात. दारापासून पहिल्या खेळापर्यंत किती चालायचं? रांगेत थांबावं लागेल का? बिनसलंच तर दार किती लांब? एकदा बाहेर पडलो तर त्याच तिकिटावर परत आत घेतील का? या प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत की कुटुंब घरी राहतं. ‘सर्वांचं स्वागत आहे’ या ओळीत यातल्या एकाचंही उत्तर नाही. ‘तिसऱ्या दालनात दर दहा मिनिटांनी भोंगा वाजतो, त्याला वळसा घालून पुढे जाता येतं’ ही ओळ वाचली की मी मुलाला घेऊन येते, कारण आता मला भोंग्याचं काय करायचं ते माहीत असतं.

एखादं कुटुंब वाचून ठरवेल की हे आपल्या मुलाला झेपणार नाही. ठरवू दे. दारातून रडत परत जाण्यापेक्षा घरी बसून घेतलेला हा निर्णय बरा, आणि तो निर्णय त्यांचा आहे.

लिहिण्याआधी चाला. प्रदर्शन रिकामं असताना नको, सगळ्यात गर्दीच्या वेळी. फोनवर आवाज मोजायचं ॲप उघडा. त्याचे आकडे अगदी अचूक नसतात, पण दोन दालनांमधला फरक कळायला पुरतात. प्रत्येक ठिकाणी खाली बसा, मुलाच्या उंचीवर. काय ऐकू येतं? कशाचा वास येतो? डोळ्यांवर काय येतं? हाताला काय लागतं – ओलं, चिकट, गार, थरथरणारं? आणि प्रत्येक गोष्टीपुढे एक खूण करा: हे सतत चालू असतं, की अचानक होतं? ही खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाण्याचा सततचा मोठा आवाज पुष्कळ मुलांना चालतो, एखाद्याला तर हवाहवासा वाटतो. अर्ध्या आवाजात अचानक वाजलेली घंटा मात्र त्याच मुलाला कोसळवते. शिवाय स्वतः बटण दाबून काढलेला आवाज आणि दुसऱ्याने कानाशी काढलेला आवाज यांतही खूप अंतर असतं. आपण दाबणार आहोत हे मेंदूला आधीच माहीत असतं.

मग साधं लिहा. ‘थोडा आवाज असू शकतो’ हे कुणाच्याच कामाचं नाही. माझ्या मनातला नमुना असा आहे:

‘आवाजाचं दालन. इथे दर दहा मिनिटांनी मोठा भोंगा तीन सेकंद वाजतो. वाजण्याआधी लाल दिवा लागतो. दालनात इतर मुलंही ढोल वाजवत असतात, त्यामुळे सकाळी उशिरा इथे सगळ्यात जास्त गोंगाट असतो. कान झाकायचे हेडफोन दारात टांगलेले आहेत, कुणालाही न विचारता घ्या. हे दालन टाळायचं असेल तर पाण्याच्या खेळांकडून थेट अंधाऱ्या खोलीकडे जाता येतं.’

लाल दिवा तुमच्याकडे नसेल तर लावा. लिहायला घेतलं की अशा दुरुस्त्या आपोआप सुचतात, हा या कामाचा मोठा फायदा आहे.

याच्या जोडीला फोटो द्या: बाहेरचं दार, तिकिटाची खिडकी, प्रत्येक दालन, स्वच्छतागृह आतून, शांत खोली. स्वयंसेवक कोणत्या रंगाचा सदरा घालतात त्याचाही फोटो हवा. फोटो गर्दीचा असू दे. रिकाम्या, चकाचक दालनाचा फोटो बघून आलेल्या मुलाला दारातच फसवल्यासारखं वाटतं. त्या फोटोंखाली एकेक वाक्य लिहिलं की तुमची सोशल स्टोरी तयार, म्हणजे तिथे काय काय घडेल ते मुलाला आधीच सांगणारी छोटी गोष्ट. अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत आणली. तिचं मर्म असं की गोष्टीत वर्णन जास्त असावं आणि सूचना कमी. दुर्दैवाने लोक लिहितात ते उलट: ‘मी रांगेत शांत उभा राहीन. मी ओरडणार नाही.’ ही गोष्ट झाली नाही, ही तंबी झाली. त्याऐवजी असं लिहा: ‘दारात कधी कधी रांग असते. रांगेत थांबायला जड गेलं तर आम्ही बाकावर बसू शकतो. आमची पाळी आली की स्वयंसेवक येऊन सांगतात.’ मात्र हे लिहायचं तर तो स्वयंसेवक खरोखर यायला हवा. ज्या मुलाने ती गोष्ट दहा वेळा वाचून पाठ केली आहे, त्याच्यासाठी तुमचं प्रत्येक वाक्य हे वचन असतं. एखादं यंत्र बंद पडलं तर त्याच सकाळी तसं जाहीर करा.

चुंबकांच्या टेबलाचा तुम्ही ओझरता उल्लेख केला आहे, मी मात्र तिथेच थबकले. मेंदूतलं पाणी वाहून नेण्यासाठी काही मुलांच्या डोक्यात शंट, म्हणजे झडप असलेली बारीक नळी, बसवलेला असतो. त्यातल्या काही शंटच्या झडपेचा दाब बाहेरून चुंबकानेच कमी-जास्त करतात, त्यामुळे जोरदार चुंबक डोक्याजवळ आला तर ती जुळणी बिघडू शकते. पेसमेकर आणि ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट यांनाही जोरदार चुंबकांपासून जपावं लागतं. केस उभे करणारं स्थिर विजेचं यंत्र तुमच्याकडे असेल तर त्यापासून या मंडळींनी दूरच राहायचं असतं. फुगे वापरत असाल तर ते लॅटेक्सचे आहेत का ते पाहा. स्पायना बायफिडा (जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळलेला असणं) असलेल्या मुलांमध्ये लॅटेक्सची ॲलर्जी बरीच आढळते आणि ती गंभीर होऊ शकते. लुकलुकणाऱ्या दिव्यांचंही तसंच. अपस्मार असलेल्यांपैकी साधारण ३ टक्के लोकांना अशा प्रकाशाने झटका येऊ शकतो आणि सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप सगळ्यात धोक्याची. इथे पाटी लावून थांबू नका, उघडझापच सेकंदाला तीनपेक्षा कमी करा. बाकीच्या सूचना नोंदणीच्या वेळीही द्या आणि दालनाच्या दाराबाहेरही लावा. टेबलावर चिकटवलेली पाटी उशिरा वाचली जाते. तोवर मुलाचा हात चुंबकावर पोचलेला असतो.

व्हीलचेअरबद्दल सगळीकडे एकच वाक्य दिसतं: ‘व्हीलचेअरची सोय आहे.’ कुठवर? दार किती सेंटिमीटर रुंद आहे ते लिहा. उताराची चढण लिहा. १ ला १२ हे प्रमाण बऱ्याच नियमांत कमाल मानलं जातं, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. लिफ्ट आहे का आणि ती बंद असते का, तेही. पण तुमच्या प्रदर्शनात खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आत जाता येणं वेगळं आणि खेळता येणं वेगळं. पाण्याच्या टेबलाखाली गुडघे जायला सुमारे ७० सेंटिमीटर मोकळी जागा नसेल, तर व्हीलचेअरवरची मुलगी टेबलाशी आडवी लागते आणि कंबरेतून वळून एका हाताने खेळते. थोड्या वेळात ती दमते आणि आई म्हणते, ‘चल, पुढे जाऊ.’ टेबल आज बदलता येणार नसेल तर जे आहे ते लिहा, आणि तोच खेळ मांडीवर ठेवता येईल अशा तबकात तयार ठेवा. दोन्ही हात लागणारे खेळ कोणते, जोर लागणारे कोणते, हेही नोंदवा. मोठ्या मुलाचे किंवा प्रौढाचे कपडे बदलायला आडवं झोपवता येईल असा बाक स्वच्छतागृहात आहे की नाही, ते जरूर लिहा. ब्रिटनमध्ये २००६ पासून ‘चेंजिंग प्लेसेस’ नावाने अशा स्वच्छतागृहांसाठी मोहीम चालू आहे, कारण तो बाक नसला की बारा वर्षांच्या मुलाला जमिनीवर आडवं करावं लागतं. नसेल तर ‘नाही’ लिहा. कुटुंब त्या हिशेबाने वेळ ठरवेल.

अंध पाहुण्यांसाठी कशाला हात लावता येतो याची यादी द्या, आणि सोबत येऊन वर्णन करणारा माणूस कोणत्या वेळी मिळेल ते सांगा. त्या माणसाला शिकवा की हात ओढायचा नाही, आपलं कोपर पुढे करायचं. कर्णबधिर मुलांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी कोणत्या दिवशी असतो ती तारीख द्या. अंधाऱ्या खोलीत ओठही दिसत नाहीत आणि हातही, तेव्हा तिथलं जे सांगायचं ते बाहेर उजेडात आधी सांगा. न बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रांचा एक पुठ्ठा दारात ठेवा: परत, थांब, माझी पाळी, मोठा आवाज, बाहेर, शू. आम्ही असाच एक पुठ्ठा घरी केला होता. त्यातलं ‘परत’ हे चित्र बोटाने घासून घासून पुसलं गेलं, इतकं ते वापरलं गेलं.

शांत तास ठेवा, जरूर ठेवा. पण त्या तासात नेमकं काय बदलतं ते लिहा. माणसं किती सोडणार? भोंगा बंद की हळू? हँड ड्रायर बंद करून कागदी रुमाल ठेवणार का? दिवे मंद करणार असाल तर तेही सांगा, कारण कमी दिसणाऱ्या माणसाला मंद दिवे म्हणजे अडचण. एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय होऊ शकते, म्हणून वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात. शांत तास आहे म्हणून बाकीच्या वेळी काही करायला नको, असं मात्र समजू नका. भावंडांच्या शाळा असतात, आईबापांच्या नोकऱ्या असतात, प्रत्येकाला त्याच तासाला येता येत नाही. आणि सगळ्या ऑटिस्टिक मुलांना शांतताच हवी असते असंही नाही. एखादं मूल तुमचा भोंगा चाळीस वेळा वाजवायला येईल, त्याला गर्दीचाच दिवस आवडेल.

‘हे प्रदर्शन अशा मुलांसाठी नाहीच’ असं कुणी म्हणालं, तर त्यांना मायकेल स्पॉक यांच्याबद्दल सांगा. १९६२ साली ते बॉस्टनच्या मुलांच्या संग्रहालयाचे संचालक झाले आणि काचेच्या पेटीतल्या वस्तू त्यांनी मुलांच्या हातात दिल्या. जगभरच्या ‘हात लावून बघा’ प्रदर्शनांवर त्यांच्या कामाची छाप आहे. स्पॉक यांना स्वतःला डिस्लेक्सिया होता. वाचून शिकणं त्यांना जड जायचं. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारातलं ३० वं कलमही दाखवा. अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने खेळात भाग घेता आला पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

पुन्हा कुणी मूल कोसळलं तर काय करायचं, हे स्वयंसेवकांना आधी सांगून ठेवा. बोलायचं नाही, विचारायचं नाही, हात लावायचा नाही. एकाने आवाज बंद करायचा. दुसऱ्याने लोकांना पुढच्या दालनात न्यायचं आणि पाठ वळवून उभं राहायचं. पालकाला एकच वाक्य, हळू आवाजात: ‘घाई नाही, जागा तुमची आहे.’ तो हट्ट नसतो. मूल तुम्हाला काही करून दाखवत नसतं. त्या क्षणी त्याच्या शरीराला दुसरं काही करताच येत नसतं. आणि कागदपत्रं कधीच मागू नका. २०१६ साली लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झालेला सूर्यफुलांचा हिरवा पट्टा आता अनेक देशांत लोक गळ्यात घालतात; न दिसणारं अपंगत्व आहे, थोडा वेळ द्या, एवढंच तो सांगतो. तो ओळखायला शिकवा. पण पट्टा नाही म्हणून मदत नाही, असं व्हायला नको.

निघायच्या वेळेचं मी बहुतेक ठिकाणी काहीच लिहिलेलं पाहिलं नाही. पुष्कळ मुलांना येण्यापेक्षा निघणं कठीण जातं. दहा मिनिटं आधी आणि मग पाच मिनिटं आधी सांगणारा माणूस किंवा वाळूचं घड्याळ ठेवा. बाहेरची वाट खेळण्यांच्या दुकानातून जात असेल तर तसं लिहा आणि दुसरं दार दाखवा.

आता फोन. करा. स्वतःचं मन हलकं करायला मात्र करू नका. ‘माझा हेतू वाईट नव्हता’ असं म्हणालात की तुम्हाला समजावायचं काम तिच्यावर येतं, आणि तिच्यामागे कामं पुष्कळ आहेत. एवढंच म्हणा: ‘त्या दिवशी मी जे बोलले ते चुकीचं होतं. आवाजाबद्दल आम्ही तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. आता आम्ही तशी माहिती लिहितो आहोत. तुमची इच्छा असेल तर प्रदर्शन उघडायच्या आधी एका सकाळी या, आमच्याबरोबर चाला आणि आम्ही काय विसरलो ते सांगा. तुमच्या वेळेचं मानधन आम्ही देऊ.’ मानधन खरंच द्या. ती नाही म्हणाली तर आभार माना आणि फोन ठेवा. तिने उचललाच नाही तर हेच एका निरोपात लिहा आणि तो नंबर पुन्हा वापरू नका.

आणि ती मुलाला घेऊन आली, तर त्या सकाळी भोंगा बंद ठेवा. तो कुठून वाजतो ते मुलाला दाखवा, बटण दाखवा आणि दोन पावलं मागे उभ्या राहा. दाबायचं की नाही ते त्याला ठरवू दे.

तुमची,
ताई